उलुरूला जातोय : तिथल्या कल्चरल सेंटरला किती वेळ द्यावा?

खानापूरचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेला मास्तर. मुलगी आणि जावई मेलबर्नला असतात. येत्या जुलैत मी आणि सौ. दोन महिन्यांसाठी तिकडं जातोय. त्यातले तीन दिवस जावयांनी उलुरूसाठी काढलेत. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटातला तो तांबडा खडक, पूर्वी एअर्स रॉक म्हणायचे तो.

जावई म्हणतात, खडकाजवळ नॅशनल पार्कचं एक कल्चरल सेंटर आहे, ते तासाभरात उरकू आणि सूर्यास्ताला खडकाकडं जाऊ. मला मात्र खडकापेक्षा ते सेंटरच जास्त बघायचंय. कारण सांगतो, जरा लांबण लागेल.

गेल्या दिवाळीनंतर नातवंडांना घेऊन आपल्याच भागातल्या जंगलाच्या एका माहिती केंद्रात गेलो होतो. नाव घेत नाही, तिथला पोरगा फार मायेनं सगळं दाखवत होता. धनेश, बिबट्या, किंग कोब्रा, फुलपाखरं. बटण दाबलं की पक्ष्याचा आवाज. पोरं खूश. पण त्या सगळ्यात माणूस कुठंच नाही. माझी आई भीमगडच्या रानातल्या एका वाडीची. तिच्या माहेरच्यांनी गावच्या राईत कधी चप्पल घालून पाय टाकला नाही, तिथली वाळून पडलेली फांदीसुद्धा चुलीत घातली नाही. आज ती राई उभी आहे ती त्यांच्यामुळं. भिंतीवर मोठा नकाशा होता. नातीनं विचारलं, "आज्जा, पणजीचं घर ह्यात कुठं हाय?" मी बोट ठेवलं तिथं नुसता हिरवा रंग होता. वाडीचं नाव नाही, राईचं नाही, पायवाटही नाही.

ते बोट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून विचारतोय. उलुरूच्या सेंटरमध्ये तिथले मूळ लोक स्वतः काही सांगतात, का त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेल्या पाट्याच आहेत? एका तासात होण्यासारखं आहे का? आणि सौ.ला इंग्रजी येत नाही, मराठी आणि कानडीवर तिचं सगळं चालतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय. तिला तिथं काय बघता येईल?

टिळकवाडी ते टोरांटो

मास्तर, आम्ही दोन वर्षांमागं जाऊन आलो. थोडक्यात सांगतो. जुलै हाच चांगला महिना. दिवसा वीस अंशांच्या आसपास, पण पहाटे चार-पाच अंशांपर्यंत उतरतं, कधी त्याच्याही खाली. सूर्योदय बघायला जाणार असाल तर कानटोपी आणि हातमोजे पाहिजेतच. राहायची सोय पार्कच्या बाहेर युलारा गावात आहे, तिथून खडक वीसेक किलोमीटर. पार्कचा तीन दिवसांचा पास आम्ही गेलो तेव्हा माणशी 38 डॉलर होता, पोरांना फुकट.

चढायचं डोक्यात असेल तर काढून टाका, 2019 पासून कायमचं बंद आहे. सेंटरला आम्ही चाळीस मिनिटं दिली, तेवढी पुरली. त्यापेक्षा काटा चुटाला जास्त वेळ ठेवा, त्याच पार्कातला तो दुसरा खडकांचा समूह. छत्तीस घुमट आहेत, सगळ्यांत उंच घुमट जमिनीपासून 546 मीटर, म्हणजे उलुरूपेक्षाही उंच. वहिनींच्या गुडघ्याचं म्हणाल तर खडकाच्या पायथ्याच्या मुटिचुलू पाणवठ्याची वाट सपाट आहे, जाऊन-येऊन एक किलोमीटर. व्हीलचेअरसुद्धा जाते.

कौलवाल्यांची लेक

मास्तर, तास नव्हे, आख्खी सकाळ ठेवा. आणि खडकाच्या आधी ठेवा.

मी खानापूरचीच. आजोबा कौलांच्या कारखान्यात माती तुडवायला होते, बाबा पुढं तिथंच भट्टीवर. नऊ वर्षं झाली मी मेलबर्नला आहे, आणि उलुरूला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मीही वरच्या दादांसारखंच सेंटर उरकलं होतं. दुसऱ्यांदा सासूबाई बरोबर होत्या. त्या चंदगडच्या, इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांच्यामुळं मला ते सेंटर दिसलं. म्हणून तुमच्या सौ.ची काळजी करू नका, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळेल.

आधी इमारतच बघा. लांबून पटकन नजरेत येत नाही, झाडांत बसल्यासारखी आहे. भिंतीला सरळ रेघ म्हणून कुठं नाही, सगळी वळणं. कारण तो आकार दोन सापांचा आहे, कुनिया आणि लिरू. 1995 साली ती उघडली. ग्रेगरी बर्जेस म्हणून आर्किटेक्ट आहेत, त्यांनी तिथल्या लोकांना विचारून, त्यांच्याबरोबर बसून तिचा आराखडा केला. ह्या लोकांना अनंगू म्हणतात. भिंती तिथल्याच मातीच्या, कच्च्या विटांच्या. मी कौलवाल्यांच्या घरातली, पहिल्या खेपेला त्या भिंतीजवळून फोन बघत गेले होते. सासूबाईंनी दारातच तळहात टेकला आणि म्हणाल्या, "आपल्या गोठ्याच्या भिंतीगत गार हाय गं." मग मी हात लावला. विटेच्या कडेला जाडसर रेती हाताला लागत होती, आणि खरंच गार.

आत शिरलं की चुकुर्पाचा भाग लागतो. ह्या शब्दाला एक मराठी शब्द देता येत नाही. जग कसं घडलं त्या कथा, कुणी कुणाशी कसं वागायचं ते नियम, कुठल्या ऋतूत कुठं पाणी आणि काय खायचं ते, सगळं एका शब्दात. आपल्याकडं कुळाचार वेगळा, पुराण वेगळं, रानातलं शहाणपण वेगळं. त्यांच्याकडं ते वेगळं काढता येत नाही, आणि ते जागेला बांधलेलं असतं. ही गोष्ट ह्या दगडाची, ती गोष्ट त्या ओढ्याची. आत त्यांची चित्रं आहेत, फिल्म चालू असते, त्यांचं गाणं आणि बोलणं त्यांच्याच भाषेत कानावर पडतं. तुमचा मूळ प्रश्न हाच आहे ना? तर हो, सांगणारे ते आहेत. काय सांगायचं नाही तेही तेच ठरवतात. काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या, त्या तुम्हाआम्हाला सांगतच नाहीत, आणि "हे आम्ही सांगणार नाही" असं सरळ सांगतात. मला ते फार आवडलं.

पण एक अपेक्षा ठेवू नका, की अनंगू माणूस गाइडसारखा तुमच्यासमोर उभा राहून बोलेल. काउंटरवर बहुतेक दुसरेच लोक असतात. अनंगू त्यांच्या कामात असतात, आणि त्यांची वस्ती पार्कातच असली तरी परवानगीशिवाय तिथं जाता येत नाही. ते बरोबरच आहे. आपल्या वाडीत बस भरून अनोळखी माणसं घरात डोकावली तर आपल्याला चालेल का?

आता तुमच्या सौ.साठी. सेंटरमध्येच मारुकू म्हणून कलावस्तूंची जागा आहे, ती अनंगूंच्याच मालकीची. तिथं लाकडाची भांडी असतात, त्यांना पिटी म्हणतात. लांबट, उथळ, झाडाच्या खोडातून कोरून काढलेली. सासूबाई तिच्यासमोर थांबल्या ते हलेचनात. "ही तर काथवट." मग आम्हाला कळलं की बायका ह्यात पाणी, बी-बियाणं, कधी तान्हं मूलसुद्धा नेतात, आणि डोक्यावर ती बसावी म्हणून खाली केसांची, गवताची वळलेली एक कडी ठेवतात, मंगुरी. सासूबाईंनी गळ्यातला स्कार्फ काढला, दोन पिळे दिले, शेवट आत खोचला आणि चुंबळ डोक्यावर ठेवून दाखवली. बाजूला एक वयस्कर बाई बसून चित्र काढत होत्या. त्यांनी मान वर केली, खळखळून हसल्या आणि आपल्या डोक्यावर हात आपटून दाखवला. दोघींची एकही भाषा सारखी नव्हती. त्याचा फोटो माझ्याकडं नाही, सेंटरमध्ये फोटो काढायला मनाई आहे. खडकाभोवती फिरतानाही काही जागांवर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. त्या पाळा.

गवताचं बी पाखडून, दगडावर दळून त्याची भाकरी करायची रीत आहे त्यांची. खालचा दगड आणि वरचा हातात धरायचा दगड, पाटा-वरवंटाच. इंग्रजी कशाला पाहिजे?

सेंटरमध्ये एक वही होती, लोकांनी माफी मागितल्याची. खडकाचा तुकडा किंवा मूठभर तांबडी माती खिशात घालून नेलेले लोक पुढं ती पोस्टानं परत पाठवतात, बरोबर चिठ्ठी. कुठल्या कुठल्या देशांतून येतात. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांच्या माहेरी राईतली काठी उचलली तर घरात कोण ना कोण आजारी पडतं असं म्हणायचे, आणि काठी परत ठेवून नारळ द्यायचा. त्या म्हणाल्या, "मग हे लोक नारळच धाडतात की."

सेंटर झालं की मुटिचुलू पाणवठ्यावर जा, तिथं ती सापांची गोष्ट खडकावर बघायला मिळते. कुनिया ही अजगरीण. लिरू म्हणजे विषारी साप, त्यांच्या टोळीनं तिच्या भाच्याला भाले मारून मारलं. ती धावत आली, तर एक लिरू तिच्या दुःखाला हसला. तिनं वाळू उचलून सांडली, राग आवरायचा प्रयत्न केला, नाच केला, आणि मग हातातल्या खणायच्या काठीनं त्याच्या डोक्यात दोन घाव घातले. पहिला लहान, दुसरा जिवावरचा. कड्यावर त्या दोन घावांच्या भेगा आहेत. एक छोटी, एक खोल. सेंटर आधी बघितलं असेल तर त्या भेगा दिसतात. नाहीतर तो नुसता दगड. म्हणून म्हटलं, आधी सेंटर.

सेंटरपासून खडकापर्यंत चालत जायची वाटही आहे, लिरू वॉक, एका बाजूनं दोन किलोमीटर. सौ.ना जमलं तर चाला, नाहीतर गाडीनं जा. आणि रेंजरबरोबरचा माला वॉक फुकट असतो, त्याची वेळ सेंटरमध्येच विचारा.

जोयड्याचा कुणबी

मास्तरांच्या त्या हिरव्या नकाशावर थांबलो. आमच्याकडंही तेच.

मी उलुरू बघितलेलं नाही. मेहुणा डार्विनला होता, त्याच्याकडून ऐकलं आणि मग मिळेल ते वाचत गेलो, कारण विषय घरचा आहे. ताईंनी सेंटर छान सांगितलं, पण त्याच्यामागची गोष्ट राहिली. ते सेंटर असं बोलतं, कारण जमीन त्यांची आहे. 26 ऑक्टोबर 1985 ला सरकारनं उलुरूची मालकी कागदोपत्री अनंगूंना परत दिली. त्यांनी त्याच वेळी ती पार्कसाठी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर सरकारला दिली. पार्क चालवणाऱ्या बोर्डात बारा माणसं, त्यातली आठ अनंगूंची. म्हणून "वर चढू नका" ही त्यांची विनंती 2017 ला बोर्डाचा ठराव झाली आणि 26 ऑक्टोबर 2019 ला, मालकी परत मिळाल्याच्याच तारखेला, चढणं बंद झालं. त्याआधी तिथं चढताना पस्तीसहून जास्त माणसं मेलीत. अनंगूंना त्याचं दुःख व्हायचं, कारण आपल्या घरी आलेला पाहुणा मेला तर जबाबदारी आपली. हे मी वाचलं तेव्हा आजीची आठवण आली. रानात वाट चुकलेला माणूस रात्री दारात आला तर ती स्वतः उठून पेज करायची. रान आमचं म्हणून वाट चुकलेलाही आमचाच, असं तिचं.

आणि जाळाचं बघा. अनंगू थंडीच्या दिवसांत थोडं थोडं गवत तुकड्यातुकड्यानं जाळायचे. एक तुकडा जळलेला, शेजारचा हिरवा, तिसरा जून झालेला. त्यामुळं मोठा वणवा पसरायला जागाच राहायची नाही, आणि कोवळ्या फुटव्यावर जनावरं यायची. त्यांना हटवल्यावर ते थांबलं, गवत साठत गेलं, आणि 1976 ला पार्काचा बराचसा भाग वणव्यात गेला. मग पार्क चालवणाऱ्यांना म्हाताऱ्यांकडं जाऊन विचारावं लागलं, कसं जाळायचं. आता तिथले रेंजर त्यांच्याच पद्धतीनं जाळतात. माला म्हणून सशाएवढा छोटा वॉलबी, म्हणजे कांगारूच्या जातीतला प्राणी आहे, मांजरं, कोल्हे आणि अशा वणव्यांनी तो तिथून नाहीसा झाला होता. कुठला प्राणी परत आणायचा हे अनंगूंना विचारलं, त्यांनी माला सांगितला, आणि 2005 ला कुंपण घातलेल्या जागेत तो परत आणला.

आमच्या पणज्यांची कुमरी, म्हणजे रानाचा तुकडा जाळून करायची फिरती शेती, इंग्रजांनी "जंगल जाळतात" म्हणून बंद केली. कुमरी आणि हे जाळणं एकच असं मी म्हणत नाही. पण आमच्याकडं कुणी विचारायला आलं नाही एवढं खरं. कुठला कोनफळाचा वेल कुठल्या उतारावर येतो, कुठल्या झऱ्याला मे महिन्यात पाणी असतं, हे आमच्या म्हाताऱ्यांना पाठ आहे.

मास्तर, नुसतं तिथल्या भिंती बघून येऊ नका. तिथं विचारा, बोर्डाची मीटिंग कशी होते, दुभाषी असतो का, म्हाताऱ्या बायका बोलतात का. आपल्याच कर्नाटकात चामराजनगरकडं बिळिगिरी रंगन बेट्टाच्या व्याघ्र प्रकल्पात तिथल्या सोलिग आदिवासींना 2011 ला सामूहिक वनहक्क मिळाले, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली. म्हणजे आपल्याकडं होतच नाही असं नाही. माहिती केंद्राच्या भिंतीवर वाडीचं नाव यायचं असेल तर आधी ते सातबाऱ्यात, गावसभेच्या ठरावात यायला पाहिजे.

टिळकवाडी ते टोरांटो

कुनियाच्या त्या दोन भेगा आम्ही बघितल्याच नाहीत. पाणवठ्यावर दहा मिनिटं उभे होतो, त्या समोरच असणार. पुन्हा जाणं होईल तेव्हा उलट्या क्रमानं करीन. मास्तर, माझा चाळीस मिनिटांचा सल्ला धरू नका.

खानापूरचा मास्तर

सगळ्यांचे आभार. काल रात्री सौ.ला हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. चुंबळीच्या जागी तिनं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

जोयड्याच्या भाऊ, तुमचं म्हणणं पटलं. मी भिंतीवर काय लिहिलंय ते बघायला निघालो होतो. तुम्ही म्हणता ते प्रश्न वहीत लिहून घेतलेत, मुलीकडून इंग्रजीत करून नेतो. आणि जाण्याआधी एक काम सुरू केलंय. आईच्या वाडीतली दोन म्हातारी माणसं अजून आहेत, एक मामी आणि एक चुलत मामा. त्यांच्याकडं मी परवा जाऊन आलो. मामी खाली बसली, अंगणातल्या शेणसड्यावर काडीनं रेघा मारल्या. ही राई, हा नाला, हे मसणवट, ही देवाची पायरी, इथून पुढं बायकांनी जायचं नाही, इथून पुढं पुरुषांनी नाही. मी शाळेत चाळीस वर्षं फळ्यावर नकाशे काढले, पण एवढी नावं एका नकाशात कधी लिहिली नव्हती. सव्वीस झाली. मामी म्हणाली, अजून आहेत, आता दमले.

जावयांना सांगितलंय, पहिल्या दिवशी सकाळी सेंटर, मग मुटिचुलू. सूर्यास्त तिसऱ्या दिवशीही होणारच आहे.

एक विचारायचं राहिलं. सौ. म्हणते तिची स्वतःची चुंबळ बरोबर न्यायची, ती चित्र काढणारी बाई भेटली तर द्यायला. घरची आहे, भाताच्या पेंढ्याची, वरून जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला. आणि मुलीसाठी कुंदा. चालेल ना?

कौलवाल्यांची लेक

कुंदा नको. भारतातून दुधाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. मुलीला इथल्या खव्याचा करून घालायला सांगा, किंवा तुम्हीच आटवा, दूध इथं चांगलं मिळतं.

पेंढ्याची चुंबळ तर मुळीच नको. गवत, पेंढा, बी असलेलं काहीही तिथं फार कडक तपासतात, रोगराई जाऊ नये म्हणून. न सांगता नेलं तर दंड होतो. लाकडी वस्तूसुद्धा विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहावी लागते, लपवू नका.

सौ.ना म्हणावं, पेंढा काढा आणि नुसत्या लुगड्याच्या काठाची वळा. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून न्या. स्वच्छ कापडाला कुणी अडवत नाही. आणि त्या बाई भेटल्या नाहीत तर सेंटरमधल्या दुसऱ्या कुणालाही देऊ नका, मारुकूत विचारा, त्या कधी येतात ते. आम्ही भेटलो तेव्हा त्या खिडकीजवळ, उन्हाच्या पट्ट्यात बसल्या होत्या.